कोठीतल्या लड्या

फार फार जुनी गोष्ट आहे. राजे तेव्हा हत्तीवरून फिरत, सुया लोहाराच्या भात्याजवळ घडत, आणि रेशमाला लाल रंग चढवायचा तर मंजिष्ठेची मुळे कुटत बसावे लागे. त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होते आणि त्या राज्यात एक आळी होती. तिला कशिदाआळी म्हणत. राज्याचे नाव मला ठाऊक नाही. माणसांची नावे ठाऊक आहेत, पण ती मी सांगणार नाही. त्यांनी जे केले ते तुम्ही-आम्हीही केले असते, आणि नावे कळली की तुम्ही त्यांच्याच नावाने बोटे मोडत बसाल.

आळीत चाळीस घरे होती. राजवाड्यातले छत, देवाची छत्री, हत्तीची झूल, राणीचा शेला, जे जे भरायचे असेल ते या आळीतल्या बायका भरत. पुरुष शेती करत, माग चालवत आणि वेळ पडली तर भातही रांधत. त्यात त्यांचे काही बिघडत नसे. घर मात्र सुईचे असे. म्हणजे जिच्या हाती सुई, तिचे घर. ती गेली की तिच्या लेकीचे, लेक नसेल तर नातीचे. लेकीला सुई मिळाली नाही तर घरही नाही.

आता सुई कशी मिळे ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

आळीतली एखादी बाई वारली की तिच्या डब्यात उरलेला धागा कुणी वाटून घेत नसे. त्या धाग्याची एक लडी करत, दोन वितींची. लडी मधोमध त्या बाईच्याच लुगड्याच्या काठाने बांधत आणि कोठीत ठेवून देत. कोठी म्हणजे आळीच्या टोकाची एक दगडी खोली. पुढे त्या बाईची लेक अठरा वर्षांची झाली आणि तिने सुई मागितली की लडी कोठीतून बाहेर निघे. मुलगी सकाळी चौकात पाट मांडून बसे आणि उन्हे उतरायच्या आत त्या धाग्याने एक कोयरी भरून दाखवी. सगळी आळी बघायला असे. धागा एकदा तुटला तर चाले. दोनदा तुटला तरी चाले. तिसऱ्यांदा तुटला की मुलीने पाटावरून उठायचे. लोक म्हणत, आईने हात सोडला.

उठलेली मुलगी दुसऱ्या दिवशी आळी सोडून जाई. लडी तिच्याच पदरात टाकत, कारण तसली लडी कोठीत कोण ठेवून घेणार?

तुम्ही म्हणाल, काय हा आडमुठेपणा! मीही तेच म्हणते. पण नियम पहिल्यांदा केला तेव्हा तो इतका वेडगळ नव्हता. जिचा हात जड तिचा धागा तुटतो, ही गोष्ट खरी आहे. धागा चांगला असेल तर त्यावर हात पारखता येतो. पुढे त्या नियमात आई आली, आईची इच्छा आली, आणि मग त्याला हात लावायची कुणाची छाती होईना.

कोठीची किल्ली जिच्या कमरेला होती तिला सगळे कोठीवाली म्हणत. तीस वर्षे ती कोठी सांभाळत होती. तिच्या आधीची कोठीवाली अगदीच गबाळी होती. दर वर्षी पाऊस सरला की ती सगळ्या लड्या बाहेर काढी, सोडी, चौकात सावलीला दोऱ्या बांधून त्यांवर पसरी आणि दहा दिवस तशाच ठेवी. पोरे त्यांच्याखालून पळत. येता-जाता बायका त्यांवरून हात फिरवत. मग ती त्या पुन्हा गुंडाळी, कधी अशा, कधी तशा. एका वर्षी दोन लड्यांची अदलाबदल झाली. एकीला कसर लागली. आणि एका लडीवर तर मांजर व्यायली.

नव्या कोठीवालीला असले काही खपत नव्हते. तिचा स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा ओळीत, काठाला काठ लावून बसलेला असे. तिने येताक्षणी दोऱ्या सोडून टाकल्या. प्रत्येक लडीला तांब्याचा वेगळा डबा करवला. लडी दोन्ही टोकांना घट्ट दुमडून मेणकापडात करकचून बांधली, डब्याला झाकण, खोलीला कुलूप. वारा नको, ऊन नको, उंदीर नको, पोरे तर नकोतच.

लडीचे हातभर शेपूट तेवढे ती मेणकापडाबाहेर ठेवी. दर वर्षी एका ठरल्या दिवशी सगळ्यांना बोलावून ती एकेक डबा उघडी, ते शेपूट दोन्ही हातांनी धरून ओढी आणि म्हणे, "पोलाद आहे, पोलाद!"

धागा तुटत नसे. डबा बंद होई. आळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, त्या मान डोलावत आणि सगळे समाधानाने घरी जात.

तरीही कोठीवालीच्या काळात पाटावरून उठणाऱ्या मुली वाढल्या. लोकांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. जिची आई दोन-चार महिन्यांपूर्वी गेलेली, तिचा धागा सहसा तुटत नसे. जिची आई लहानपणीच गेली, तिचा तुटे. माणसांना कारण सापडले नाही की ती म्हण तयार करतात. आळीनेही केली. "आई जितकी लवकर जाते, तितका तिचा हात लवकर सुटतो." म्हण ऐकायला बरी होती, म्हणून ती खरीही झाली.

कोठीवालीला मूल नव्हते. तिची एक धाकटी बहीण होती, ती ऐन तिशीत तापाने गेली. मागे सहा वर्षांची मुलगी राहिली. ती मुलगी कोठीवालीने वाढवली. बहिणीची लडीही कोठीवालीनेच बांधली. किरमिजी रंगाची लडी होती, अशी की बघणाऱ्याने हात जोडावेत. बाकीच्यांच्या लड्यांना मेणकापडाचा एक वेढा होता. बहिणीच्या लडीला तिने तीन घातले.

मुलगी वाढली. तिचा हात एवढा हलका होता की कांद्याच्या पातीवर टाका घातला तरी पात फाटत नसे. आळीत तिच्यासारखा साखळी टाका दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि तिला ते ठाऊकही होते. अठरावे वर्ष लागले तेव्हा तिने सुई मागितली. दिवस ठरला.

आदल्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती. मधेच म्हणाली, "मावशी, आईनं हात सोडला तर?"

"वेडी का काय तू? तुझी आई तुला कधी चिमटासुद्धा काढायची नाही."

"मग बाकीच्यांच्या आया काय चिमटे काढायच्या?"

कोठीवाली म्हणाली, "खडे नीट बघ. जेवताना दाताखाली येतात."

दुसऱ्या दिवशी चौक भरला. थोरल्या बाई ओसरीवर बसल्या. त्यांच्या पुढ्यात एक ताटली होती. धागा तुटला की तीत एक चिंचोका टाकायचा, अशी रीत होती. कोठीवालीने सगळ्यांसमोर डबा उघडला, शेपूट ओढून दाखवले, मग मेणकापडाचे तीन वेढे सोडून लडी मुलीच्या ओंजळीत ठेवली. रंग जशाच्या तसा होता. बायकांच्या तोंडून आपोआप "अगं बाई!" निघाले. कोठीवालीचा ऊर भरून आला. बारा वर्षे सांभाळलेली वस्तू आज हक्काच्या हातात गेली होती.

मुलीने हातभर धागा घेतला, सुईच्या नेढ्यात ओवला आणि कोयरीचा देठ भरला. धागा सुरेख चालला. तिने दुसरा हातभर धागा घेतला. सहा टाके झाले, सातव्याला धागा तुटला.

थोरल्या बाईंनी ताटलीत चिंचोका टाकला.

मुलीने सुई उजेडात धरून नेढे पाहिले. कधी कधी नेढ्याच्या कडेला धार असते, तिने धागा कापतो. तसे काही दिसले नाही, तरी तिने सुई बदलली. तिसरा धागा ओवला. आता ती इतकी जपून टाका घालत होती की बघणाऱ्याने श्वास रोखावा. चौथ्या टाक्याला धागा पुन्हा तुटला. दुसरा चिंचोका पडला.

मुलीने हात मांडीवर ठेवले. आता एकदा, आणखी फक्त एकदा, आणि मग उद्या बोचके बांधून आळीबाहेर.

"हात हलका ठेव गं," कोठीवाली म्हणाली.

"हलकाच आहे, मावशी."

तो हलकाच होता. तीस वर्षांची पारखी नजर कोठीवालीला तेच सांगत होती. मग धागा का तुटतो? धागा तर तिने आत्ता सगळ्यांसमोर ओढून दाखवला होता. हात चांगला, धागा चांगला, म्हणजे उरली कोण? उरली बहीण. कोठीवालीला आपल्या मेलेल्या बहिणीचा संताप आला. पोटच्या पोरीला भर चौकात टाकतेस, तुला लाज नाही वाटत, असे ती मनातल्या मनात बहिणीला म्हणाली. ही गोष्ट तिने पुढे स्वतःच सांगितली म्हणून मला माहीत आहे.

तेवढ्यात चौकाच्या बुटक्या भिंतीपलीकडून कुणीतरी बोलले.

"पोरी, घडीवर तुटलाय का बघ."

सगळ्यांनी माना वळवल्या. भिंतीपलीकडे रिठेवाली उभी होती. रेशीम धुवायला रिठे लागतात, ते घेऊन ही बाई दर महिन्याला आळीत येई. डोक्यावर टोपली, कमरेला बटवा, वय चाळिशीचे. ती पूर्वी याच आळीतली होती आणि याच चौकात पाटावरून उठून गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणूनच तिच्याशी रिठ्यांपलीकडे कुणी काही बोलत नसे.

थोरल्या बाई म्हणाल्या, "उठलेल्या बाईनं चौकात बोलायचं नसतं."

"मी कुठं चौकात आहे? मी भिंतीच्या बाहेर आहे," रिठेवाली म्हणाली. "पोरी, तू बघ."

मुलीने तुटलेली टोके हातात घेतली. दोन्ही तुकडे जिथे तुटले होते तिथे धागा जरा वाकडा झालेला होता आणि रंग किंचित फिका होता. मग तिने लडी मांडीवर उलगडली. लडीच्या दोन्ही टोकांना, जिथे बारा वर्षे घडी एकाच जागी दाबून राहिली होती, तिथे तशीच फिकट रेघ होती. तिने तिथला एक धागा नखाने दाबला. तो तुटला. मधल्या गाठीखालचा दाबला. त्याचा भुगा झाला. मग घडी आणि गाठ यांच्या मधला धागा दोन्ही हातांनी ओढला. तो तुटला नाही. तिने आणखी जोराने ओढला. बोटाला वळ उठला, पण धागा तुटला नाही.

"मधला चांगलाय," ती म्हणाली.

"मधला चांगलाच असतो," रिठेवाली म्हणाली. तिने कमरेचा बटवा सोडला आणि भिंतीवरून पुढे धरला. बटव्यावर हिरव्या रेशमाची एक वेल भरलेली होती. पाने एवढीशी, पण एकही टाका सैल नव्हता. "हा माझ्या आजीचा धागा. इथंच, त्याच पाटावर तिसऱ्यांदा तुटला होता. बावीस वर्षं झाली. घडीवरचा धागा कापून टाकला, गाठीखालचा टाकला. राहिला तो वीत वीत घेऊन भरते. रोज हाताळते, रोज धुळीत असतो, अजून तुटला नाही."

बटवा हातोहात फिरला. बायकांनी तो उलटापालटा करून पाहिला. एकीने धागा ओढूनही पाहिला. नंतर कुणाला कुणाकडे बघवेना.

मुलीने कात्री उचलली. तेव्हा मागून एक जण ओरडली, "कापला तरी तो तुटलाच की! तिसरा चिंचोका टाका!"

"थांब," थोरल्या बाई म्हणाल्या. त्या कडक होत्या, पण मूर्ख नव्हत्या. त्यांनी कोठीवालीला समोर बोलावले. "हे बघ, लडी नीट राखली असेल, तर पुऱ्या धाग्यानंच भरायला हवं. तुकडे घेऊ दिले तर ती जड हाताला सूट होईल, आणि तशी सूट आजवर कुणाला दिली नाही. लडी कोठीत नासली असेल, तर गोष्ट वेगळी. मग पोरीनं हवी तितकी कात्री चालवावी. राखणारी तू. तूच सांग. लडी नीट राखली होती का?"

आता बघा, पेच कसा होता. हो म्हटले तर तीस वर्षांचे नाव राहत होते आणि पोर जात होती. नाही म्हटले तर पोर राहत होती. पण मग एकट्या या लडीचा प्रश्न उरत नव्हता. कोठीत त्रेपन्न डबे होते, सगळे सारखेच बांधलेले. आणि आजवर ज्या मुली उठून गेल्या, त्यांचेही डबे तसेच बांधलेले होते.

कोठीवालीने कमरेची किल्ली सोडली, पुन्हा खोचली, पुन्हा सोडली. एवढा वेळ लागला म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. तीस वर्षे काही थोडी नव्हेत.

"नाही," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांग."

"लडी नीट राखली नव्हती. बांधली त्या दिवसापासून आजवर एकदाही सोडली नव्हती. पावसाळ्यात जी ओल आत गेली ती मेणकापडानं बाहेर येऊ दिली नाही. घडी मोडली नाही, फिरवली नाही."

"मग दर वर्षी ओढून काय दाखवायचीस?"

"शेपूट," कोठीवाली म्हणाली. "तेवढंच बाहेर होतं. तेवढ्यालाच वारा लागायचा, तेवढ्यालाच हात लागायचा. ते जिवंत राहिलं, आणि मी तेवढंच बघत आले."

कुणीतरी फिस्सकन हसले. पण त्या हसण्याला साथ मिळाली नाही, कारण शेपूट बघून समाधानाने घरी जाणाऱ्यांत सगळीच होती.

थोरल्या बाई खाली बघत होत्या. चिंचोके टाकणारा हात त्यांचा होता. त्यांनी ताटली उचलली, दोन्ही चिंचोके अंगणात फेकून दिले आणि म्हणाल्या, "भर गं पोरी. उन्हं उतरायला अजून वेळ आहे."

मुलीने घड्या कापल्या, गाठीखालचा भुगा झटकला. वीतभर तुकडा ओवायचा, आठ-दहा टाके घालायचे, मागे गाठ मारायची, पुन्हा ओवायचे. असे तिने किती वेळा केले कोण जाणे. उन्हे भिंतीवर चढली तेव्हा कोयरी पुरी झाली. पुढून ती डाळिंबाच्या दाण्यांनी भरल्यासारखी दिसत होती. मागून बघितली तर नुसत्या गाठीच गाठी. आळीत इतक्या गाठींची कोयरी आजवर झाली नव्हती. थोरल्या बाईंनी ती मागून पुढून दोन्हीकडून पाहिली आणि मुलीच्या हातात सुई दिली. घर राहिले. पोर राहिली.

कोठीवाली मुलीजवळ गेली आणि तिच्या मांडीवरचा भुगा वेचू लागली. मुलगीच म्हणाली, "आईनं नव्हता सोडला, मावशी." त्यावर कोठीवाली चौकात सगळ्यांदेखत रडली.

दुसऱ्या दिवशी त्रेपन्न डबे उघडले. पाच लड्या नुकत्याच ठेवलेल्या होत्या, त्या चांगल्या निघाल्या. बाकीच्या घडीवर आणि गाठीखाली कुजल्या होत्या. मधला धागा बहुतेकींचा शाबूत होता. एका जुन्या लडीचा तर साठ वर्षांचा धागा मध्ये नव्यासारखा होता. म्हणजे धागा जुना झाला म्हणून गेला नव्हता, आणि जुना म्हणून टिकलाही नव्हता. जिथे तो मोकळा होता तिथे राहिला, जिथे दाबून ठेवला तिथे गेला.

कोठीचे कुलूप काढले. मेणकापडे पावसात घोंगडी झाकायला दिली. दर वर्षी पाऊस सरला की चौकात पुन्हा दोऱ्या बांधायच्या, लड्या सोडून सावलीला पसरायच्या, आतपर्यंत हात फिरवायचा आणि नव्या जागी घडी घालायची, असे ठरले. पोरे खालून पळाली तर पळू द्यायची. हे काम कोठीवालीलाच दिले. किल्ली मात्र तिच्याकडे नव्हती, कारण आता कुलूपच नव्हते.

थोरल्या बाई स्वतः भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि रिठेवालीला म्हणाल्या, "आत ये. तुझी सुई घे."

"सुई माझ्याकडे आहेच की," रिठेवाली म्हणाली. "ती तुमच्याकडून कशाला घेऊ? उठले त्या दिवसापासून नऊ वर्षं मी ती लडी उघडली नाही. आजीचा राग आला होता. नऊ वर्षं पितृपक्षात तिच्या नावानं घास काढून ठेवला नाही. ते नऊ घास कोठीत असतील तर द्या." आणि टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. पुढच्या महिन्यात रिठे घेऊन आली, नेहमीसारखी. त्याहून जास्त काही तिच्याकडून मागायचा कुणाला हक्क नव्हता.

तीस वर्षांत सात मुली उठल्या होत्या. रिठेवाली त्यातली एक. उरलेल्या सहा जणींकडे कोठीवाली स्वतः गेली. कुणी तिला जा म्हणून सांगितले नव्हते. एक वारली होती. दोघींचा पत्ता लागला नाही. दोघींनी तिचे ऐकून घेतले, पाणी दिले आणि वाटेला लावले. प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलत असे. "तुझ्या आईनं हात सोडला नव्हता, कुलूप माझं होतं."

शेवटची नदीपलीकडच्या गावात सापडली. तिचे केस पिकले होते. अंगणात सुपात मिरच्या घेऊन ती देठ खुडत बसली होती. कोठीवालीने वाक्य सांगितले. त्या बाईचे हात थांबले.

"माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "तिचा चेहरा मला आठवत नाही. आवाज आठवत नाही. तिची एवढी एकच गोष्ट मला ठाऊक होती, की तिनं हात सोडला."

मग तिने सूप उचलले, ती आत गेली आणि दार लावून घेतले. कोठीवाली अंगणात उभी राहिली. तिला आत बोलावले नाही. बोलवायला हवे होते असे मला वाटत नाही. ऊन कलेपर्यंत ती तिथे उभी होती, मग नदीच्या वाटेला लागली.

लहानांनी आणि थोरांनी यातून एवढेच घ्यावे: तुटलेल्या धाग्याला बोल लावण्याआधी, आपण तो कसा ठेवला होता ते पाहावे.